घरच्या घरी पोटॅशियम सिलिकेट: गोव्याच्या परसबागेसाठी कृती, प्रमाण आणि खबरदारी

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी उलटली, पावसाचा जोर ओसरला की गोव्यातल्या परसबागांत काकडी, दोडका, भोपळा यांचे वेल नव्याने मांडवावर चढू लागतात. हवा कोरडी होते, रात्री जरा गार पडतात आणि त्याच सुमारास पानांवर पांढरी भुरी, म्हणजे पिठासारखी बुरशी, दिसायला लागते. अशा वेळी उपयोगी पडणारं एक पूरक खत म्हणजे पोटॅशियम सिलिकेट. त्यातून झाडाला पोटॅश आणि सिलिका मिळते. ते विकत मिळतं, पण घरापुरतं लागणारं द्रावण घरीही करता येतं. मुख्य वस्तू दोनच लागतात. त्यातली एक मात्र कातडी आणि डोळे जाळणारी आहे, त्यामुळे सगळा लेख वाचून झाल्याशिवाय कामाला हात घालू नका.

आपल्या मातीला सिलिका द्यायची गरज का पडावी? ज्या जांभ्या दगडाचे आपण चिरे काढतो, तो तयार होतो तोच मुळी लाखो वर्षांच्या पावसाने मूळ खडकातली सिलिका धुऊन नेल्यामुळे. मागे राहतात लोह आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडं, म्हणून आपली माती तांबडी. आजही वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि उरलीसुरली विरघळणारी सिलिका वाहून जाते. वाळूत सिलिका भरपूर असते हे खरं, पण ती क्वार्ट्झच्या रूपात, झाडाच्या दृष्टीने कुलूपबंद. झाडाची मुळं सिलिका घेतात ती पाण्यात विरघळलेल्या मोनोसिलिसिक आम्लाच्या रूपातच. ती पानापर्यंत पोचली की वरच्या थरात साठून घट्ट होते, पान ताठ राहतं, बुरशीच्या धाग्याला आत शिरणं जड जातं आणि झाडाची स्वतःची प्रतिकाराची यंत्रणाही लवकर जागी होते. जपानने १९५५ मध्येच भातशेतीसाठी सिलिकेटयुक्त खताला मान्यता दिली होती.

मात्र सगळीच झाडं सिलिका सारख्या प्रमाणात घेत नाहीत. भात, ऊस, मका ही गवताच्या कुळातली पिकं भरभरून घेतात. काकडी, दोडका, भोपळा, कारलं या वेलवर्गीय भाज्याही बऱ्यापैकी घेतात आणि परसबागेत सगळ्यात स्पष्ट फरक दिसतो तो यांच्यावरच. मिरची आणि वांग्याच्या बाबतीत फार अपेक्षा ठेवू नका. टोमॅटो तर सिलिका जवळजवळ बाहेरच ठेवतो, त्याच्यावर हे द्रावण खर्च करण्यात अर्थ नाही. दुसरं असं, की एकदा पानात साठलेली सिलिका तिथून हलत नाही. जुन्या पानातली नव्या पानाला मिळत नाही, म्हणून वेल वाढत असेपर्यंत थोडी थोडी देत राहावी लागते. भुरीने पांढरं झालेलं पान यातून बरं होणार नाही, त्यासाठी वेगळा उपाय करावा लागेल.

काय काय लागेल

पहिली वस्तू पोटॅशियम हायड्रॉक्साइड. दुकानदार याला कॉस्टिक पोटॅश म्हणतात. द्रवरूप साबण करणारे हेच वापरतात, आणि प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्यांकडे किंवा औद्योगिक रसायनांच्या विक्रेत्यांकडे त्याच्या पांढऱ्या चपट्या पापड्या मिळतात. पुडीवर नाव दोनदा वाचा. कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. मोरी साफ करायच्या पावडरीत असतं ते हेच. त्याने सिलिका विरघळेल, पण तुम्ही झाडाला पोटॅशऐवजी सोडियम पाजाल. खाऱ्या पाण्याच्या विहिरींनी आधीच हैराण झालेल्या किनारपट्टीच्या बागेत तर ते मुळीच नको.

दुसरी वस्तू सिलिका जेल. कॅमेऱ्याच्या कपाटात, औषधांच्या डब्यात, नव्या बुटांच्या खोक्यात ओल शोषायला ठेवतात ते पांढरे, अर्धपारदर्शक मणी. पावसाळ्यात बुरशीपासून सामान वाचवायला आपल्याकडे ते किलोने विकत घेणारेही आहेत. घ्यायचे ते फक्त पांढरे. निळ्या मण्यांत ओल ओळखण्यासाठी कोबाल्ट क्लोराइड घातलेलं असतं, ते विषारी आहे. केशरी मण्यांतही रंगद्रव्य असतं. खायच्या भाजीच्या मुळाशी या दोन्हींचं काम नाही.

भांडं स्टीलचं हवं. जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं भांडं, झाकण किंवा चमचा या कामाच्या आसपासही नको: कॉस्टिक पोटॅश अॅल्युमिनियम खाऊन टाकतं आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. काचेचं भांडं तात्पुरतं चालेल, पण साठवणीसाठी जाड प्लास्टिकची कॅनच बरी. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा, सुई काढलेली १० मिलिलिटरची सिरिंज, सामू म्हणजे पीएच पाहायच्या कागदी पट्ट्या आणि जुनं सुती फडकं जवळ ठेवा. या कामाची भांडी पुन्हा स्वयंपाकात वापरायची नाहीत.

डोळ्यांवर बाजूंनी बंद असलेला चष्मा, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पायांत बंद चपला किंवा बूट, यातलं एकही वगळायचं नाही. काम अंगणात किंवा उघड्या पडवीत करा, वाहत्या नळाच्या जवळ. मुलं आणि कुत्री-मांजरं आत बंद. अंगावर उडालं तर लगेच वाहत्या पाण्याखाली धरा आणि निदान १५-२० मिनिटं धुवत राहा. भाजलेल्या जागी व्हिनेगर किंवा लिंबू चोळू नका. डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून तेवढाच वेळ पाण्याने धुवा आणि थेट इस्पितळ गाठा.

वजनात फसवणारी हवा

कृती चुकते ती बहुतेक वेळा इथे, आणि गोव्यात तर हमखास. दोन्ही वस्तू हवेतली ओल ओढणाऱ्या आहेत. सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं किंवा त्याहून जास्त पाणी धरून बसू शकतं. म्हणजे पावसाळाभर कपाटात राहिलेले ५० ग्रॅम मणी तुम्ही मोजून घेतले, तर त्यात खरी सिलिका ३५ ग्रॅमच निघायची. म्हणून आधी मणी वाळवा. ओव्हन असेल तर १२० अंशांवर दोन-तीन तास, नसेल तर लोखंडी कढईत मंद आचेवर परतत राहा. अधूनमधून वजन करा. दोन वेळचं वजन सारखं आलं की मणी कोरडे झाले. मग ते झाकणाच्या डब्यात गार होऊ द्या.

कॉस्टिक पोटॅशच्या पापड्या त्याहून वाईट. आषाढात पुडी उघडी ठेवली तर थोड्याच वेळात त्या चिकट होतात, मग त्यांचं पाणी सुटतं, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्यांचं कार्बोनेट होऊ लागतं. कार्बोनेट सिलिका नीट विरघळवत नाही. चुलीतली राख भिजवून काढलेलं क्षाराचं पाणी या कामाला चालत नाही तेही याच कारणाने, कारण राखेतलं पोटॅश मुख्यतः कार्बोनेटच असतं. सगळा घाट डिसेंबर ते एप्रिल या कोरड्या महिन्यांत, दुपारच्या उन्हाच्या वेळी घाला. पुडी उघडा, चटकन वजन करा, लगेच घट्ट बंद करा.

कृती

प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे: ५० ग्रॅम कोरडं सिलिका जेल, ५० ग्रॅम कॉस्टिक पोटॅश, आणि शेवटी सगळं मिळून ५०० मिलिलिटर द्रावण. यातून ५०० लिटर पाणी झाडांना देता येतं. आठवड्याला १० लिटर लागणाऱ्या बागेची वर्षभराची सोय एवढ्यात होते, तेव्हा पहिल्यांदा याहून मोठा घाणा काढू नका.

पाणी जितकं मृदू तितकं चांगलं. साठवलेलं पावसाचं पाणी उत्तम, आरओचंही चालेल. जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी बहुधा मृदू असतं, पण बोअरवेलच्या किंवा किनाऱ्याजवळच्या विहिरीच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असेल तर द्रावण दुधाळ होतं आणि तेवढी सिलिका तळाशी बसून वाया जाते.

आधी कोरडे मणी एका वाडग्यात १०० मिलिलिटर पाण्यात भिजत घाला. कोरडे मणी पाण्यात पडताच तडतडून फुटतात आणि गरमही होतात. हे तडतडणं इथेच उरकून घेतलं, की पुढे कॉस्टिकचे थेंब उडत नाहीत. मणी कुटून पूड करण्याच्या फंदात पडू नका. ती धूळ छातीला वाईट, आणि भिजून तडकलेले मणी विरघळायला पुरेसे बारीक होतात.

आता स्टीलच्या भांड्यात २५० मिलिलिटर गार पाणी घ्या. त्यात पोटॅशच्या पापड्या एकेक चमचा सोडत जा आणि लांब दांड्याच्या स्टीलच्या चमच्याने ढवळा. पापड्या नेहमी पाण्यात पडल्या पाहिजेत, पापड्यांवर पाणी कधीही ओतायचं नाही. उलट केलं तर पाणी जागच्या जागी उकळून तोंडावर उडतं. सगळ्या पापड्या विरघळेपर्यंत भांडं हाताला चटका बसेल इतकं तापलेलं असेल. वाफेवर तोंड धरू नका.

याच गरम पाण्यात भिजवलेले मणी, त्यांच्या पाण्यासकट, थोडे थोडे घाला. सगळे एकदम ओतले तर फेसाळून वर येण्याची भीती असते. मणी सगळे पडले, की हे भांडं गरम पाण्याच्या मोठ्या पातेल्यात ठेवा आणि बाहेरचं पाणी उकळीच्या जरा खाली राहील अशी आच धरा. एक-दोन तास लागतील. मधूनमधून ढवळा. आधी मण्यांच्या कडा झिजून गोल होतात, मग ते डोळ्यांना दिसेनासे होतात पण चमच्याला लागतात, आणि शेवटी तळाशी चमच्याला काहीच लागत नाही. द्रावण स्वच्छ किंवा किंचित धुरकट दिसतं आणि चमच्यावरून पाण्यापेक्षा जरा जडपणे ओघळतं. चार मणी हट्टाने उरलेच तर राहू द्या.

पूर्ण गार झालं की फडक्यातून गाळा, मापाच्या भांड्यात घ्या आणि पाणी घालून ५०० मिलिलिटर करा. या मापात आळस नको, कारण पुढचा सगळा हिशेब यावरच उभा आहे.

जमलंय की नाही ते पाहायची एक सोपी रीत आहे. जुन्या प्लास्टिकच्या कपात ५ मिलिलिटर द्रावण घ्या आणि ढवळत ढवळत पांढरं व्हिनेगर थोडं थोडं घालत जा. एक-दोन चमचे पडले की द्रावण कपातच घट्ट होऊ लागतं आणि थोड्या वेळात खळीसारखं थरथरतं. ही तुमची विरघळलेली सिलिका, आता पुन्हा जेल झालेली. काहीच घट्ट झालं नाही तर सिलिका द्रावणात उतरलीच नाही असं समजा. यातून आणखीही एक नियम आपोआप कळतो: मूळ द्रावणात आम्ल कधीच घालायचं नाही.

किती द्यायचं

या द्रावणाच्या दर मिलिलिटरमध्ये जवळपास १०० मिलिग्रॅम सिलिका आणि सुमारे ६० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. म्हणून एक लिटर पाण्यात एक मिलिलिटर घातलं, की लिटरमागे १०० मिलिग्रॅम सिलिका मिळते. ही वरची मर्यादा माना. साध्या पाण्यात साधारण एवढीच सिलिका विरघळलेल्या रूपात टिकते. त्यापुढे तिचे कण एकमेकांना जोडले जाऊन मोठे होऊ लागतात आणि मुळांना ते घेता येत नाहीत. जास्त घालून जास्त फायदा होत नाही तो असा.

पहिले दोन आठवडे निम्मं, म्हणजे १० लिटरच्या बादलीला ५ मिलिलिटर द्या. झाडाने काही कुरकुर केली नाही तर १० मिलिलिटरवर या. आठवड्यातून एकदा, मुळाशी. मोठ्या कुंडीला अर्धा ते एक लिटर पाणी पुरतं. इतर खतांतून पोटॅश जात असेल तर त्यात तेवढी कपात करा.

द्रावण तीव्र अल्कधर्मी आहे, त्यामुळे बादलीतल्या पाण्याचा सामू चांगलाच चढतो. तांबड्या मातीच्या वाफ्यात निम्म्या मात्रेला याची फार चिंता नाही, कारण ती माती मुळातच आम्लधर्मी असते आणि एवढा क्षार पचवते. कोकोपीटच्या कुंड्यांत आणि मातीविना शेतीत मात्र सामू ६ ते ६.५ वर आणलाच पाहिजे. क्रम असा ठेवा: आधी बादलीभर पाणी, मग सिलिकेट, नीट ढवळणं, मग आम्ल, आणि सगळ्यात शेवटी द्यायचीच असतील तर इतर खतं. पूर्ण मात्रेच्या १० लिटर पाण्याला साधारण दीड ग्रॅम सायट्रिक आम्ल किंवा २० मिलिलिटर पांढरं व्हिनेगर लागतं. आपल्याकडचं माडाच्या सुरेचं व्हिनेगरही चालतं, फक्त त्याची आंबटाई घरागणिक वेगळी असते. तेव्हा मापावर न जाता दर वेळी पट्टी बुडवून पाहा. सामू उतरवलेलं पाणी त्याच दिवशी संपवा.

अनंत, अँथुरियम, ऑर्किड, नेचे यांना मुळाशी आम्लधर्मी माती मानवते. त्यांना सामू न उतरवता हे पाणी घालू नका. कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या तर सामू चढून लोह अडकलं आहे. पानांच्या कडा करपल्या किंवा कुंडीच्या काठावर पांढरा थर धरला तर मात्रा जास्त होते आहे. अशा वेळी महिनाभर साधं पाणी द्या.

पानांवर फवारायचं असेल तर लिटरला एक मिलिलिटरपेक्षा कमीच, आणि सामू ८ च्या खाली आणून. आधी दोन-तीन पानांवर फवारून दोन दिवस थांबा. सकाळी लवकर, पानांच्या दोन्ही बाजूंना, फुलं टाळून फवारा. खिडकीच्या काचा, गाडी, चकचकीत टाइल्स यांच्यावर थेंब वाळले तर कायमचे डाग पडतात, म्हणून वाऱ्याची दिशा पाहा.

कशात मिसळायचं नाही

कॅल्शियम नायट्रेट, जिप्सम, चुना, मॅग्नेशियम सल्फेट यांच्याबरोबर सिलिकेट एकत्र आलं की पांढरा साका धरतो आणि दोन्ही वस्तू फुकट जातात. कडुनिंबाच्या फवाऱ्यात घालू नका, कारण त्यातला अॅझाडिरॅक्टिन हा घटक अल्कधर्मी पाण्यात लवकर मोडतो. कुळागरात पोफळींवर कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण फवारतात, त्यात तर चुना आणि मोरचूद दोन्ही आहेत. त्याच पंपात सिलिकेट भरायचं तर पंप आधी स्वच्छ धुवा. शेण-गोमूत्राच्या जीवामृतातही ओतू नका. या सगळ्यांत आणि सिलिकेटमध्ये दोन-तीन दिवसांचं अंतर ठेवलं की पुरे.

तुसाच्या राखेपासून

भाताचं तूस म्हणजे सिलिकेचा खजिना. त्याच्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका निघू शकते, आणि गिरणीशी ओळख असेल तर कच्चा माल हाताशी आहे. फक्त राख कशी झाली ते महत्त्वाचं. मंद, धुमसत जळलेल्या तुसाची करडी किंवा काळपट राख चांगली, तिच्यातली सिलिका विरघळते. भट्टीत फार तापलेली पांढरट-गुलाबी राख घेऊ नका: त्या उष्णतेत सिलिकेचे स्फटिक होतात, ते सहज विरघळत नाहीत आणि त्यांची धूळ फुप्फुसांना घातक असते. उकड्या तांदळाच्या गिरण्यांतल्या बॉयलरची राख या कारणाने पारखून घ्यावी. राख कुठलीही असो, हाताळण्याआधी पाणी शिंपडून ओली करा आणि मास्क लावा.

६० ग्रॅम कोरडी राख वजन करून ओलवा, ५० ग्रॅम पोटॅश ४०० मिलिलिटर पाण्यात विरघळवा, दोन्ही एकत्र करून दोन तास उकळीच्या खाली तापवा, आटलेलं पाणी भरत राहा. गाळायला वेळ लागतो, फडकं दोन-तीनदा बदलावं लागतं. नंतर ५०० मिलिलिटर करा. या द्रावणात किती सिलिका उतरली ते नक्की सांगता येत नाही, आणि जेवढी कमी उतरेल तेवढा मोकळा क्षार जास्त उरतो. म्हणून याची मात्रा वाढवून भरपाई करू नका, आणि मातीच्या वाफ्यातसुद्धा सामू तपासूनच द्या. मला स्वतःला परसबागेसाठी सिलिका जेलच पसंत आहे, कारण प्रत्येक थेंबात काय आहे ते ठाऊक असतं.

वायंगणाच्या, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या, किंवा खाडीकाठच्या खाजणातल्या भातासाठी असं द्रावण करत बसणं परवडणारं नाही, त्याची गरजही नाही. भाताच्या पेंढ्यात कोरड्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकी सिलिका असू शकते. पेंढा न जाळता कुजवून त्याच शेतात परत घातला, तूस किंवा त्याची राख पसरली, की काम होतं. मोठ्या क्षेत्राचा विचार असेल तर आधी मातीची तपासणी करून घ्या. जुने गोवे इथे एला येथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, तिथे सल्ला मिळतो.

साठवण आणि थांबायची वेळ

जाड प्लास्टिकची, घट्ट झाकणाची कॅन घ्या आणि ती जवळजवळ तोंडापर्यंत भरा. आत हवा जास्त राहिली तर कार्बन डायऑक्साइडमुळे द्रावण हळूहळू गोठतं. काचेच्या बरणीचं झाकण काही आठवड्यांत असं चिकटतं की उघडताना बरणीच फुटावी. पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत हे द्रावण एका रात्रीपुरतंही ठेवू नका. कॅनवर मराठीत आणि घरातल्या सगळ्यांना वाचता येईल त्या भाषेत मोठ्या अक्षरांत लिहा: विषारी, जाळणारं, तयार केल्याची तारीख, लिटरला एक मिलिलिटर. मग ती कुलपात ठेवा.

मे सरता सरता देणं थांबवा. जूनपासून कोसळणाऱ्या पावसात मुळाशी घातलेलं द्रावण एका सरीत वाहून जातं आणि फवारलेलं तर पानावर टिकतच नाही. माटोळीसाठी, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर टांगायच्या फळभाज्यांसाठी, पावसात लावलेल्या वेलांना द्यायचंच असेल, तर फक्त छपराखालच्या कुंड्यांना द्या.

सिरिंज, चमचे, पंपाचं नोझल काम संपताच भरपूर पाण्याने धुवा, वाळलेलं सिलिकेट काचेसारखं घट्ट बसतं आणि मग निघत नाही. कॅनमधलं द्रावण कधी जेल झालंच तर हातमोजे आणि चष्मा घालून ते बादलीभर पाण्यात फोडा, सामू ७ च्या आसपास येईपर्यंत व्हिनेगर घाला आणि बागेच्या कोपऱ्यात खड्डा करून पुरा. विहिरीपासून लांब.